पेटीवर नाव फवारताना

लग्नसराई संपली की बिछायत केंद्रांच्या गोदामांत एक कटकटीचं काम निघतं. एकाच मांडवात दोन-तीन केंद्रांच्या खुर्च्या गेलेल्या असतात. सगळ्या एका रंगाच्या, एका साच्यातल्या. कोणती खुर्ची कोणाची, हे पाठीवर फवारलेल्या नावावरून ठरतं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा या धानाच्या पट्ट्यात अशी छापील नावं पावलोपावली दिसतात. राईस मिलच्या कट्ट्यांवर ती असतात, गणेश मंडळाच्या साहित्यावर असतात. दिवाळीनंतर वडशाहून निघून गावोगाव प्रयोग करणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांना तर सामानावर नाव हवंच, कारण रात्री प्रयोग संपतो आणि पुढच्या गावासाठी अंधारातच सगळं गाडीत भरायचं असतं.

घरचीही गरज तीच असते. वसतिगृहात जाणाऱ्या मुलीची लोखंडी पेटी, पाठीवरचा फवारणी पंप, शिडी, सायकल, क्रिकेटच्या किटचा खोका या वस्तू दुसऱ्याच्या तशाच वस्तूंत मिसळतात. स्टीलचा गुंड किंवा ताट असेल तर भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव कोरून मिळतं. पत्रा, लाकूड आणि प्लास्टिक यांना मात्र रंगच लागतो. ब्रशने काढलेलं नाव ज्याच्या हाताला वळण आहे त्यालाच शोभतं. बाकीच्यांसाठी स्टेन्सिल आहे: पातळ पत्र्यातून, फिल्ममधून किंवा पुठ्ठ्यातून अक्षर कापून काढायचं, तो तुकडा वस्तूवर ठेवायचा आणि वरून रंग मारायचा.

ऐकायला एवढंच आहे. तरी बहुतेक घरगुती स्टेन्सिली दोनच ठिकाणी फसतात. एक, अक्षर आखताना कुठे कापायचं नाही याचा विचार झालेला नसतो. दोन, रंग एका दमात भरून काढायची घाई होते. कटर कोणता, फिल्म कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे. म्हणून सुरुवात अक्षरांपासून करू.

वर्तुळ कापलं की आतला गोल खाली पडतो. स्टेन्सिलचं सगळं शास्त्र या एका अडचणीभोवती फिरतं. रोमन लिपीत ‘ओ’, ‘ए’, ‘डी’, ‘पी’, ‘आर’ या अक्षरांच्या पोटातला तुकडा असा पडतो. ‘बी’मधून दोन पडतात. तो जागेवर राहावा म्हणून रेघेत एक बारीक जोड न कापता सोडावा लागतो. लष्करी पेट्यांवर किंवा मालडब्यांवर दिसणारी मध्येच तुटलेली अक्षरं ऐटीसाठी तशी झालेली नाहीत, ते हे जोड आहेत. आपल्या भागात याची गंमत अशी, की कट्ट्यांवर छापलं जाणारं एक नाव या अडचणीतून साफ सुटलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या धानाला घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ हे नाव मिळालं. रोमन लिपीतल्या त्या तीनही अक्षरांना पोट नाही. कापा आणि फवारा, काहीही पडत नाही.

देवनागरीत मामला जास्त नाजूक आहे, कारण वरची शिरोरेषा अक्षरांना झाकण घालते. ‘प’ वरून उघडा असता तर त्याच्या पोटातला तुकडा टिकला असता. शिरोरेषेमुळे तो चारही बाजूंनी बंद होतो. ‘म’, ‘स’, ‘ष’, ‘य’, ‘फ’, ‘ण’ यांचीही हीच गत. ‘व’ आणि ‘क’ यांचा गोल स्वतःच बंद असतो. ‘ब’मध्ये आडवी तिरपी रेघ असल्याने दोन तुकडे पडतात. इकाराची आणि दीर्घ ईकाराची कमान शिरोरेषेला टेकली की मधली फट सुटी होते. उलट ‘ग’, ‘ज’, ‘त’, ‘न’, ‘र’ ही अक्षरं मोकळी आहेत. ‘न’ची बारीक गाठ भरीव ठेवली की झालं. विदर्भात घरोघरी सापडणारं ‘गजानन’ हे नाव म्हणूनच स्टेन्सिलला फार सोयीचं, एकही तुकडा पडत नाही. ‘ब्रह्मपुरी’ मात्र नवख्याने पहिल्याच दिवशी कापायला घेऊ नये.

मग जोड सोडायचे कुठे? शिरोरेषेत, हे पहिलं सुचणारं उत्तर असतं आणि तिथेच घात होतो. ‘घ’ची शिरोरेषा डावीकडे तोडली की तो ‘ध’ वाचला जातो. ‘म’च्या डोक्यावर जोड सोडला की तो ‘भ’कडे झुकतो. घनश्यामचा धनश्याम व्हायला दोन मिलिमीटर पुरतात. ‘ख’च्या दोन भागांना खालून जोडणारी रेघ तोडली तर ‘रव’ उरतो, आणि ‘स’ची आडवी रेघ जास्त खाल्ली तर ‘रा’. म्हणजे जोड अशा जागी हवा जिथे रेघ तुटली तरी डोळा ती भरून घेतो आणि दुसरं अक्षर तयार होत नाही.

‘माधव’ हे नाव घेऊन बघू, कारण त्यात तिन्ही प्रकार आहेत. ‘म’च्या पोटातला तुकडा धरून ठेवायला त्याची आडवी रेघ उजव्या दांड्याला जिथे भेटते तिथे, दांड्याला लागून, जोड सोडायचा. तुकडा खालच्या बाजूने मुख्य फिल्मला धरून राहतो आणि ‘म’ हा ‘म’च दिसतो. ‘ध’ला काहीच करायचं नाही, त्याची शिरोरेषा मुळात तुटलेली असल्याने पोट वरून उघडं आहे. ती तुटलेली जागा चांगली ठसठशीत ठेवा, एवढंच. ‘व’च्या गोलाचं खालचं टोक दांड्याला मिळतं तिथे एक जोड. वरच्या टोकालाही दुसरा दिला तर गोल दांड्यापासून सुटतो आणि काना लावलेलं भलतंच अक्षर वाटतं, म्हणून एकच.

शिरोरेषेत जोड अजिबात नको, असं मात्र नाही. दोन अक्षरांच्या मध्ये तो हवाच. ‘गजानन’ची शिरोरेषा सलग कापली तर डावीकडून उजवीकडे वीतभर लांब चीर पडते आणि फिल्म तिथे लपलप करते. प्रत्येक अक्षराने आपल्यापुरती शिरोरेषा घेतली, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडली, की फिल्म घट्ट राहते आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. फक्त दोन शब्दांमधली जागा याच्या कितीतरी पट मोठी ठेवा, नाहीतर नाव आणि आडनाव एकमेकांत शिरतात.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. ‘मा’मध्ये ‘म’चा दांडा आणि काना यांच्यामध्ये फिल्मची एक लांबट पट्टी उरते. ती फक्त खालून धरलेली असते, वरचं टोक सुटं. फवाऱ्याच्या झोताने हे टोक उचललं जातं आणि खाली रंग शिरतो. दांडा आणि काना थोडे दूर ठेवून पट्टी रुंद करा किंवा फवारताना तिच्या टोकावर एखादा जड नट ठेवा.

जोड नकोच असतील तर जपानी कारागिरांनी त्यावरही उपाय शोधला होता. कापडावर नक्षी छापायच्या त्यांच्या कागदी स्टेन्सिलींत, ज्यांना ‘कातागामी’ म्हणतात, आतले सुटे तुकडे रेशमाच्या बारीक धाग्यांनी धरलेले असत. धागा इतका पातळ की रंग त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली पोचतो आणि छापात त्याची रेघ उठत नाही. आपल्याकडे तेच काम आज वेगळ्या रीतीने रेडियमच्या दुकानात होतं. त्याकडे येतोच.

नाव नको, चित्र हवं असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यात राहून वाघाला चुकवता येत नाही. सुदैवाने वाघाचा पंजा ही नवख्यासाठी सर्वांत सोपी स्टेन्सिल आहे: एक मोठी गादी, चार बोटं, पाच वेगवेगळी भोकं, जोड शून्य. नखं काढू नका. चालताना वाघ ती आत ओढून घेतो, त्यामुळे मातीतल्या ठशात ती उमटत नाहीत. नखांचा पंजा फवारला तर वनरक्षक त्याला कुत्रा म्हणेल. वाघाचं तोंड हवं असेल तर चेहरा कापायला जाऊ नका, पट्टे कापा. पेटीचा मूळ रंग पिवळा किंवा केशरी ठेवायचा आणि काळे पट्टे, डोळे, नाक एवढंच फवारायचं. पट्टे एकमेकांपासून सुटेच असतात, त्यामुळे जोडांचा प्रश्न जवळजवळ राहत नाही. फोटोवरून काम करायचं असेल तर मोबाइलमध्ये तो फोटो निव्वळ काळा-पांढरा करून घ्या. मधल्या करड्या छटा स्टेन्सिलला कळत नाहीत. तिला एकतर भोक कळतं, नाहीतर भिंत.

लहान मुलांना हाताशी घेऊन बसायचं असेल तर काहीच न कापण्याची वाट आहे. सागाचं किंवा पळसाचं पान वहीत दाबून सपाट वाळवा, पेटीच्या झाकणावर ठेवा आणि भोवती रंग फवारा. पान उचललं की त्याची आकृती मूळ रंगात उरते. ही युक्ती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीला हात टेकवून भोवती रंग उडवलेले ठसे सापडले आहेत, आणि त्यांतला एक किमान ३९,९०० वर्षं जुना आहे.

आता सामान. अक्षरं कॉम्प्युटरवर जाड, सारख्या रुंदीच्या वळणाची निवडा. बोरूच्या वळणाची बारीक टोकं कापताना तुटतात. ए-४ कागदावर काढलेलं नाव लहान वाटलं तर झेरॉक्सच्या दुकानात १४१ टक्के मोठं करून मागा, ते बरोबर ए-३ भरतं. ट्रंकेवर तीन ते पाच सेंटिमीटर उंचीचं अक्षर पुरतं. रेघ चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

एकदाच वापरायची स्टेन्सिल असेल तर जाड पुठ्ठा चालतो, पण रंग पिऊन तो फुगतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कडा रेशाळ होतात. पुठ्ठ्याचे जोड चार मिलिमीटर तरी ठेवावे लागतात. माझी पसंती जुन्या एक्स-रे फिल्मला आहे. तिचा पॉलिस्टरचा गाभा सुमारे ०.१८ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कटरने कापता येण्याइतका पातळ आणि दहा वेळा पुसून वापरता येण्याइतका चिवट. दोन मिलिमीटरचा जोडही तीत टिकतो. काळा थर धुऊन काढायची गरज नाही, झेरॉक्स वरून चिकटवून दोन्ही एकदम कापायचं. फक्त डॉक्टरांना पुन्हा दाखवावी लागेल अशी फिल्म उचलू नका. ती नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातली प्लास्टिकची फाइल घ्या.

कटर नऊ मिलिमीटर पात्याचा, बोथट झालं की टोक मोडून पुढचं काढायचा. पात्याचा खर्च वाचवू नका. बोथट पातं जास्त जोर मागतं आणि जोर लावला की ते घसरतं. खाली फरशी किंवा काच नको, तिथे धार लगेच जाते. हार्डबोर्डचा तुकडा किंवा जुनी रबरी मॅट बरी. आधी आतले छोटे तुकडे कापा, बाहेरची मोठी वळणं शेवटी, म्हणजे काम संपेपर्यंत फिल्म ताठ राहते. सरळ रेघेला स्टीलची पट्टी लावा. वळणावर हात फिरवू नका, फिल्म फिरवा. कोपऱ्यावर दोन्ही रेघा कोपऱ्यापासून बाहेर अशा कापल्या तर कोपरा स्वच्छ सुटतो. एखादा जोड तुटलाच तर दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून जास्तीची टेप कापून टाका, चालतं. अक्षरांभोवती चारही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटर फिल्म सोडा आणि तिच्यापुढेही जुनं वर्तमानपत्र लावा. फवाऱ्याची धूळ वाटतं त्यापेक्षा लांब जाते.

हे सगळं नको असेल तर रेडियमच्या दुकानात जा. तिथल्या प्लॉटर मशीनवर तुम्ही दिलेलं नाव चिकट विनाइलवर कापून मिळतं. सांगताना एक गोष्ट नीट सांगायची: अक्षरं नकोत, अक्षरं काढून उरलेली भोवतालची शीट हवी, आणि वरून ट्रान्सफर टेप लावून हवी. सवयीने दुकानदार अक्षरंच काढून देतो. ही शीट वस्तूला चिकटवली की पोटातले तुकडेही आपापल्या जागी चिकटून बसतात, त्यामुळे जोड लागत नाहीत आणि नाव सलग, छापल्यासारखं येतं. फवारणी पंपासारख्या गोलाईच्या वस्तूला हाच मार्ग योग्य. तोटा एवढाच की ती एकदाच वापरता येते. ट्रंक, सायकल आणि बॅटच्या पिशवीवर तेच नाव हवं असेल तर फिल्मच परवडते. हजारो कट्ट्यांवर छाप मारायचा असेल तर दोन्ही निरुपयोगी, तिथे पत्र्याची स्टेन्सिल आणि ब्रश.

रंग मारण्याआधी वस्तूला तो घेण्याजोगं करावं लागतं. लोखंडी पेटीवरचा गंज पॉलिश पेपरने उतरवा, आधी १८० नंबर, मग ३२०. उघडा पत्रा दिसत असेल तिथे रेड ऑक्साइड लावून पूर्ण वाळू द्या. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, हात न लावता कामाला घ्या. बोटांचं तेल पुरेसं असतं रंग सोडवायला. पेटीला नुकताच ऑइल पेंट दिला असेल तर थांबा. स्प्रेमधलं द्रावण खालच्या अर्धकच्च्या थराला मऊ करून फुगवतं आणि रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. काही आठवडे जाऊ द्या आणि आधी पेटीच्या तळाशी थोडा मारून बघा.

प्लास्टिकच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो: बिछायतच्या खुर्च्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्या पॉलिप्रॉपिलीनवर साधा स्प्रे धरत नाही. पहिल्या दिवशी झकास दिसतो, महिन्याभरात नखाने पापुद्रा निघतो. ४०० नंबरच्या पेपरने घासून, प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर मारून मगच रंग द्या. ताडपत्री घडी पडते तिथे तडकते, तिला कापडी पट्टी शिवलेली बरी. हेल्मेटला स्प्रे आणि थिनर दोन्ही लावू नका. ही द्रावणं कवचाला आतून कमजोर करू शकतात आणि ते वरून दिसत नाही. पाण्याच्या कॅनला आतून, डब्याला तोंडाशी रंग नको, हे सांगायला नकोच. गाडीच्या नंबर प्लेटवर हौस भागवायचे दिवसही गेले, ती आता सरकारी नमुन्याचीच लागते.

स्प्रेचा डबा हातात घेतला की आधी त्याच्या आत काय चाललंय ते समजून घेतलेलं बरं, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. आत रंग, द्रावण आणि दाबाने द्रवरूप झालेला गॅस असतो. हा गॅस बहुतेक वेळा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा. नोझल दाबलं की तो द्रव बाहेर पडताक्षणी वायू होतो आणि रंगाच्या थेंबांच्या चिंधड्या करतो. त्यातून धुक्यासारखा फवारा बनतो. हलवल्यावर खडखडणारी गोळी तळाशी बसलेली रंगाची भुकटी ढवळते. गोळी सुटल्यावर पुढे मिनिटभर तरी हलवायचं ते यासाठी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर गावच्या एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. रेडिएटरला द्यायचा अल्युमिनियम रंग नीट मारता यावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि कल्पना पत्नीची.

आता या डब्याला ब्रह्मपुरीचं हवामान लावा. मे महिन्यात विदर्भातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत आपल्या गावाचं नाव वारंवार येतं. पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. डब्यावर मात्र ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं छापलेलं असतं. हवा ४६ असताना टिनाच्या छताखालची खोली किंवा उन्हात बंद उभी असलेली गाडी ५० सहज ओलांडते. म्हणून नवतप्यात डबा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हवा. वापराच्या दृष्टीनेही ती वेळ वाईट. इतक्या उष्णतेत थेंब वस्तूवर पोचायच्या आधीच वाळतात, खरखरीत भुकटी होऊन बसतात आणि हाताने पुसल्या जातात. तापलेल्या पत्र्यावर तर आणखीच. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सातच्या आत, सावलीत.

पावसाळ्याचा त्रास उलटा आहे. द्रावण उडून जाताना रंगाचा थर थंड होतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. काळा रंग पांढरट, चुन्याचा हात फिरल्यागत दिसतो. रिमझिम चालू असताना ओसरीत बसूनही हे होतं, कारण ओलावा हवेत असतो. आपल्याकडे स्टेन्सिलच्या कामाला सर्वांत चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धान कापून झालेलं असतं, हवा कोरडी, दुपार ऊबदार. थंडीच्या पहाटे मात्र नको. गार डब्यातला दाब कमी पडतो आणि नोझल थुंकल्यासारखे मोठे थेंब टाकतं.

स्टेन्सिल वस्तूला जितकी चिकटून बसेल तितकी कड स्वच्छ येते. लोखंडी पेटीवर सर्वांत सोपा उपाय लोहचुंबकाचा. जुन्या स्पीकरमधले किंवा फ्रीजवर लावायचे छोटे चुंबक अक्षरांच्या मधल्या जागांवर ठेवले की फिल्म हलत नाही. लाकडावर मागून दुहेरी टेपचे बारीक तुकडे लावा, कडांना मास्किंग टेप.

आणि आता घाईचा मुद्दा. स्टेन्सिलच्या कडेखाली रंग शिरतो तो मुख्यतः ओलेपणामुळे. थर इतका जाड बसला की तो वाहतो, तर फिल्म आणि पत्रा यांच्यामधली केसाएवढी फट त्याला आत ओढून घेते. वातीने तेल चढतं तेच कारण. थर पातळ असेल तर तो जागच्या जागी वाळतो, ओढला जायला उरतच नाही. म्हणून पहिला हात इतका हलका मारायचा की अक्षर धड दिसूही नये, नुसती धूळ बसल्यासारखं वाटावं. तीन ते पाच मिनिटं थांबा. दुसरा हात तसाच. या दोन हातांनी कडेची फट बुजते, मग तिसरा आणि लागला तर चौथा हात रंग भरायला. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर आणि वस्तूशी काटकोनात. तिरका धरला की झोत कडेखाली घुसतो. नोझल अक्षराच्या बाहेर दाबायला सुरुवात करा, हात सरळ पार न्या आणि पलीकडे गेल्यावर सोडा, कारण दाबताना आणि सोडताना जाड थेंब पडतात. शक्य असेल तर वस्तू आडवी ठेवूनच काम करा.

फार नेमकी कड हवी असेल तर पेंटरांची एक युक्ती आहे. स्टेन्सिल लावल्यावर आधी वस्तूच्या मूळ रंगाचाच किंवा पारदर्शक लॅकरचा एक हात द्यायचा. जे काही कडेखाली शिरायचं ते तेच शिरतं, दिसत नाही आणि फट बंद होते. त्यावर नावाचा रंग. हिरव्या पेटीवर पिवळं किंवा पांढरं नाव लांबून वाचता येतं. निळ्यावर काळं घेऊ नका.

शेवटच्या हातानंतर पाचेक मिनिटांत, रंग चिकट असतानाच, स्टेन्सिल सरळ वर उचला. बाजूला सरकवली तर कड फिसकटते. विनाइलची शीट मात्र स्वतःवर दुमडून, हळूहळू सोलत काढा. पूर्ण वाळू दिली तर रंगाच्या कडा तिच्यासोबत तुटून येतात. पेटी त्या दिवशी हाताळू नका. फिल्म लगेच थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर दोन-चार वापरांत जोडांभोवती रंग साचून अक्षरं अरुंद होत जातात. कोरी करून सपाट ठेवली तर पुढल्या वर्षी धाकट्याच्या पेटीवर तेच आडनाव तिनेच उठेल.

काम नेहमी उघड्यावर करा, वाऱ्याच्या दिशेला पाठ देऊन. तोंडावर बांधलेला दुपट्टा रंगाचे कण अडवतो, द्रावणाची वाफ अडवत नाही. जवळ पेटती चूल, बिडी, मच्छर अगरबत्ती यांतलं काही नको, कारण फवारा पेट घेतो. झालं की डबा उलटा धरून दोन-तीनदा दाबा. नुसता गॅस येऊ लागला की नोझल साफ झालं, पुढच्या वेळी तुंबणार नाही. आणि डबा संपला असं वाटलं तरी कचऱ्यासोबत पेटवू नका, चुलीत टाकू नका, खिळ्याने भोक पाडू नका. आत गॅस उरलेला असतो आणि तापला की डबा फुटतो. भंगारवाल्याला तो वेगळा काढून, काय आहे ते सांगून द्या.